साडेसातशे किलोचा हत्ती

१९८७ सालचा मार्च महिना. बोरीच्या स्टँडवर जाऊन उभे राहा. परभणीहून जिंतूरला निघालेली एसटी झरी मागे टाकून आत्ताच आली आहे. टपावरून चुंगडी उतरतात, एक सायकल उतरते, लोखंडी पेटी उतरते. तेवढ्या वेळात तुम्ही कंडक्टरला विचारून बघता. पाच पोती हरभरा आहे, परभणीच्या मोंढ्यात न्यायचा आहे, परतीच्या गाडीच्या टपावर टाकता येईल का? तो नाही म्हणतो. दोन असती तर बघितलं असतं, म्हणतो.

घरी बैलगाडी आहे. रात्री जेवून निघालात तर उजाडेपर्यंत परभणी गाठाल, पण बैल परवा नांगरटीला लागणार आहेत. रस्त्यावरून ट्रक जातात, पाच पोत्यांसाठी त्यातला एकही थांबत नाही. आकुर्डीची मॅटाडोर आणि गेल्याच वर्षी निघालेली टाटाची ४०७ अधूनमधून दिसते, तिच्यावर कुणा ना कुणा व्यापाऱ्याचं नाव असतं. शेवटी त्यातलीच एक तुमच्या दारात येते. पोती चढतात आणि मग व्यापारी भाव सांगतो. तुम्ही मान डोलावता. ज्याची गाडी त्याचा भाव. चढलेली पोती उतरवून परत घरात रचायची, आज विकायचं नाही म्हणायचं, एवढी ऐपत तुमच्यात नाही.

छोट्या हत्तीची, म्हणजे टाटा एस या मालगाडीची, गोष्ट सांगायची तर लोक पुण्याच्या कारखान्यापासून सुरुवात करतात. मी ती या पाच पोत्यांपासून करतो आहे, कारण ती गाडी ज्या जागी बसली ती जागा इथं रिकामी होती.

मोटारीचं अंग घेऊन मालगाडी बनवायची ही कल्पना जुनी आहे. १९३४ मध्ये ऑस्ट्रेलियात, जिलाँग गावच्या फोर्डच्या कारखान्यात लुईस बँट या तरुणानं मोटारीचा पुढचा भाग आणि मागं उघडा हौदा एकत्र जोडला. एका शेतकरणीनं कंपनीला पत्र लिहिलं होतं, असं तिकडं सांगतात. रविवारी चर्चला जायला शोभेल आणि सोमवारी डुकरं बाजारात न्यायला चालेल अशी एकच गाडी द्या, दोन घ्यायला पैसे नाहीत, असा तिचा मजकूर होता. ऑस्ट्रेलियात ती जात टिकली. अमेरिकेत डॉज कंपनीनं १९८२ मध्ये ओम्नी मोटारीच्या सांगाड्यावर रॅम्पेज नावाचा छोटा पिकअप काढला, तो १९८४ मध्ये संपलासुद्धा. आपल्याकडे उलटं घडलं. १९८८ मध्ये पुण्यात टाटामोबाईल हा पिकअप झाला आणि त्याच्या पायावर १९९१ ची सिएरा आणि १९९२ ची इस्टेट या मोटारी उभ्या राहिल्या. म्हणजे पिकअपची मोटार झाली. मोटारीचा पिकअप व्हायला अजून पुष्कळ वर्षं होती, आणि झाला तोही पुरा नाही, अर्धाच. तिकडंच चला.

पुणे, २००१. कंपनीचं नाव अजून टेल्को आहे, टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये येईल. २०००-०१ च्या ताळेबंदात ५०० कोटी रुपयांचा तोटा आहे. मोठ्या ट्रकची मागणी पडली की सगळी कंपनी पडते, हे त्या एका वर्षानं दाखवलं. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी रवि कांत यांनी छोट्या मालगाडीचं काम गिरीश वाघ या तरुण इंजिनिअरकडे दिलं. (याच वाघांच्या हाती पुढं नॅनोचंही काम आलं.) चौपदरी महामार्गांची कामं निघाली होती. मोठा ट्रक महामार्गावर धावणार आणि गावात, गल्लीत, बाजारात माल पोचवायला काहीतरी लहान लागणार, हा त्यांचा हिशोब होता. त्या लहान जागेवर तोवर तीनचाकी होती. बारामतीला बनणारी पियाजिओची ॲपे आणि तिचे भाऊबंद.

वाघांच्या चमूबरोबर तुम्हीही फिरता. तीनचाकीवाल्यांना गाठायचं, बोलतं करायचं. कुणी म्हणतं वळणावर उलटते. कुणी म्हणतं मोठ्या रस्त्यावर भीती वाटते. एकानं सांगितलं की चार चाकांची गाडी असती तर गावात पत वाढली असती, लग्न लवकर जमलं असतं. हा किस्सा पुढं देशोदेशीच्या मासिकांत छापला गेला, लोकांना त्याची गंमत वाटली. तुम्ही बोरीचे आहात, तुम्हाला त्यात गंमत वाटत नाही. मुलाची स्वतःची गाडी आहे का, हा प्रश्न सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही ऐकलेला आहे. आणि गाडी म्हणून तीन चाकं पुढं केली तर समोरची माणसं चहाच्या कपाकडे बघू लागतात, तेही पाहिलेलं आहे.

आता इंजिन बघा, कारण सगळी गंमत तिथं आहे. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या इंडिका मोटारीत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं, १४०५ सीसीचं. कारखान्यात त्याला ४७५ म्हणत. चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ७५ मिलिमीटर. हेच इंजिन मधोमध कापल्यासारखं करून दोन सिलिंडर ठेवले. झालं २७५. सीसी ७०२, ताकद १६ अश्वशक्ती. पिस्टनचा व्यास तोच, त्याची चाल तीच. म्हणजे नवं इंजिन जन्मापासून घडवायचा खर्च वाचला, आणि ज्या इंजिनाचे दोष इंडिकाच्या गिऱ्हाइकांनी आधीच सोसून दाखवले होते ते हातात आलं. त्यात ना काही बारीक इलेक्ट्रॉनिक्स, ना टर्बो. सीट उचललं की इंजिन समोर. पुढं-मागं दोन्हीकडे पाटे, बारा इंची चाकं, चार गिअर. वजन उचलायची मंजुरी ७५० किलो. लांबी पावणेचार मीटरच्या जरा वर.

मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली. किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. पहिल्या वर्षासाठी पुण्यात ३०,००० गाड्यांची तयारी होती, ती पुरली नाही. दोन वर्षांच्या आत आकडा लाखावर गेला आणि उत्तराखंडात पंतनगरला तिच्यासाठी वेगळा कारखाना उभारावा लागला. २०१२ पर्यंत दहा लाख.

दहा लाखांतली एक तुमची. चला बोरीला.

२००६ चा ऑक्टोबर, दसरा नुकताच झालेला. काल तुमच्या वडिलांनी बैलजोडी विकली. आठ वर्षांची, खांदा मजबूत असलेली जोडी. आबा बाजारातून आले आणि नोटा तुमच्या हातात देऊन ओसरीवर न बोलता बसले. चार एकर काळ्या रानाला आता भाड्याचा ट्रॅक्टर लागेल. ते पैसे, आईची पाटली आणि चुलत्याकडून घेतलेले काही, एवढ्यावर पहिली भरणी झाली. उरलेले १ लाख ९० हजार फायनान्सचे, चार वर्षं, महिन्याला सव्वापाच हजारांच्या घरात हप्ता. आजवर तुम्ही दुसऱ्याची ॲपे चालवत होता, संध्याकाळी मालकाला हिशोब देत होता. आज पाटीवर एमएच २२ आहे आणि आरसीवर तुमचं नाव आहे.

नारळ फुटतो. चाकाखाली लिंबं ठेवली आहेत. आई बोनेटला हळदकुंकू लावू बघते आणि गोंधळते, कारण या गाडीला पुढं बोनेटच नाही, सपाट तोंड आहे. ती काचेखाली कुंकू लावते. किल्ली फिरवा. दोन सिलिंडरची धडधड सीटमधून थेट कण्यात शिरते, स्टेअरिंग हाताला मुंग्या आणतं. शेजारी आबा बसले आहेत. आयुष्यात पहिल्यांदा ते दार लावून घेता येणाऱ्या घरच्या गाडीत बसले आहेत. गाडी मोंढ्यापर्यंत नेऊन आणता, तोवर ते एकच वाक्य बोलतात.

"हळू, रं. बैल न्हाई त्यो, सांगून थांबणार न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून गाडीला विसावा नाही. पहाटे चारला कौसडीच्या रस्त्यावरच्या मळ्यातून वांगी, भेंडी, मेथी. उजाडायच्या आत परभणी. परतताना किराणा, पेंड, सिमेंटची दहा पोती, कुणाच्या घराची दारं. दुपारी सोयाबीन. तोवर सोयाबीननं इथली खरिपाची रानं व्यापली आहेत आणि दसरा ते दिवाळी हे दिवस सुगीचे. मोंढ्यात पोचायची प्रत्येकाला घाई, कारण सणाला पैसा हवा. संध्याकाळी कुणाचा तरी पेशंट. रात्री सप्त्याची भांडी. लग्नसराईत नवरदेवाकडचे वाजंत्री. हौद्यात माणसं बसवायची परवानगी नाही, हे बसणाऱ्याला ठाऊक, बसवणाऱ्याला ठाऊक आणि बोरी पोलीस ठाण्यालाही ठाऊक.

पहिल्याच आठवड्यात तुम्ही एक गोष्ट केली तीवर जरा थांबा. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं सहा पोती सोयाबीन घेऊन तुम्ही परभणीला गेलात. भाव पडलेला होता. तो म्हणाला, आज नको, परत ने. तुम्ही परत आणलंत, येण्याचं भाडं अर्धं घेतलंत. १९८७ मध्ये जे होत नव्हतं ते झालं. माल बाजारात नेऊन, भाव ऐकून, नाही म्हणून परत आणता येतो. माझ्या मते या गाडीनं केलेलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, आणि ते कुठल्याही विक्रीच्या आकड्यात दिसत नाही. व्यापारी वाईट होता म्हणून नव्हे. गाडी त्याची होती, एवढंच. आता ती गल्लीतल्या पोराची झाली.

आता तिचं आयुष्य लहान कशानं झालं ते बघा. कुणी वैर केलं नाही. बोरीच्या मोंढ्यापाशी, भर दुपारी, हे असं झालं.

"पंचवीस कट्टे हायत. एका खेपेत न्हेतूस का?"

"मामा, साडेसातशेचं पासिंग हाय."

"हत्ती म्हणतूस अन् साडेसातशेला भेतूस व्हय?"

पन्नास किलोचा एक कट्टा धरला तरी साडेबारा क्विंटल झाले. मामांचं चुकत नाही. भाडं खेपेवर ठरतं, वजनावर नाही. दोन खेपा केल्या तर भाडं दुप्पट, आणि पडलेल्या भावात ते त्यांना परवडत नाही. तुम्ही नाही म्हटलंत तर मागं दुसरा हत्ती उभा आहे. तुम्ही फाळका पाडता. हमाल कट्टे रचतात. मागचे पाटे आधी सपाट होतात, मग उलटे वाकतात. गाडीचं पुढचं तोंड वर होतं आणि स्टेअरिंग हातात हलकं लागू लागतं. गाडीचं स्वतःचं वजन ८०० किलोच्या आसपास, त्यावर सव्वा टन, आणि ओढायला सोळा घोडे. ब्रेक दाबला की गाडी थोडा विचार करून थांबते. क्लचचा वास येतो. पण पोचते. त्या दिवशी पोचते, हाच घात आहे. पोचली नसती तर उद्या कुणी पंचवीस कट्टे घेऊन आला नसता.

नोव्हेंबर २००५ मध्ये, ही गाडी आल्यानंतर सहाच महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयानं ट्रकमध्ये मर्यादेबाहेर माल भरण्याविरुद्ध कडक निकाल दिला. मोठ्या रस्त्यांवर त्याची थोडीफार धास्ती बसली. बोरी ते परभणीच्या मधल्या रस्त्याला वजनकाटा भेटतो तो मोंढ्यातच, आणि तो मालाचा भाव ठरवायला असतो.

कापूस उलट. कापसाला वजन कमी, आकार मोठा. हौद्याच्या चारी बाजूंना बांबू, त्याला जुनी लुगडी बांधलेली, वर पोरं तुडवायला चढलेली. गाडी वजनानं नाही, उंचीनं डगमगते. विजेच्या तारा येतात तिथं क्लिनर वर उभा राहून काठीनं तार उचलतो. हे लिहिताना अजूनही माझे हात घट्ट होतात. पावसाळ्यात करपरा नदीला पूर आला की गाडी अलीकडं उभी. रानातल्या वाटेवर बारा इंची चाक काळ्या चिखलात अर्ध्यापर्यंत बसतं, मग ज्यांच्या जागी ही गाडी आली त्या बैलांचीच जोडी शेजाऱ्याकडून आणून तिला ओढावं लागतं.

२००९. पहिलं मोठं काम निघालं. जिंतूरच्या पुढं येलदरीकडच्या चढावर, वाळूच्या खेपेत, काटा लालवर गेला आणि वाफ निघाली. हेडची गॅस्केट. परभणीतले उस्ताद सीट उचलतात, आत बघतात, आणि तुमच्याकडे न बघता विचारतात.

"कित्ता भरते थे, भाऊ?"

तुम्ही खरं सांगता. ते मान हलवतात. त्यांच्या अंगणात त्या दिवशी तुमच्यासारख्या तीन गाड्या उभ्या आहेत, तिन्हींचं एकच दुखणं. या इंजिनाचा एक मोठा गुण असा की ते गावातल्या हातांना उघडता येतं. सेन्सर नाही, कंप्युटर लावायला नको. पान्हे, फीलर गेज आणि कान, एवढ्यावर उस्ताद ते उभं करतात. लायनर, पिस्टन, रिंगा, नोझल, सगळं परभणीतच मिळतं. दोन दिवसांत गाडी बाहेर. पण दोन दिवस गाडी उभी म्हणजे दोन दिवस कमाई नाही, आणि हप्त्याची तारीख उस्तादांना विचारून येत नाही. घरी बायको दिवाळीच्या साडीचे पैसे काढून देते. तुम्ही ते घेता. त्याबद्दल दोघंही पुन्हा बोलत नाही.

कर्जाचा शेवटचा हप्ता २०१० मध्ये भरलात. कागद हातात आला त्या दिवशी तुम्ही गाडी धुतलीत, दुपारचं भाडं सोडलंत आणि आईला घेऊन जिंतूरला जाऊन आलात. हौदा रिकामा. रिकामी असली की ही गाडी किती हलकी पळते ते चार वर्षांत विसरूनच गेला होतात. चार वर्षं ती फायनान्सची होती. आता खरी तुमची झाली, आणि झाली तेव्हा तिचं निम्म्याजवळ आयुष्य सरलेलं होतं. छोट्या मालगाडीवाल्याच्या धंद्यातलं सगळ्यात जिव्हारी लागणारं सत्य मला हे वाटतं. कर्ज आणि गाडी जवळपास बरोबरच थकतात.

आणि नेमका तेव्हाच रस्ता बदलला. जानेवारी २०१० मध्ये महिंद्रची मॅक्झिमो आली, चाकणला बनलेली, दोनच सिलिंडर पण नव्या पद्धतीचं इंजिन. २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त. तिलाही छोट्या मालगाडीचं गिऱ्हाईक हवं होतं. बोरीच्या स्टँडवर सकाळी एक-दोन हत्ती उभे असायचे तिथं आता ओळ लागू लागली. डिझेल चढत गेलं, भाडं जिथल्या तिथं राहिलं. आणि महिंद्रचाच बोलेरो पिकअप, जो टनाच्या वर माल कागदावरसुद्धा उचलू शकत होता, तो गावागावांत शिरला. एके दिवशी फोन येतो, ओळखीचा आवाज असतो, पाच वर्षांचं गिऱ्हाईक.

"पिकअप हाय का तुमच्या बघण्यात?"

तुमची गाडी हाय का, असं नाही विचारलं. पिकअप विचारला. तुम्ही नंबर देता.

मॅक्झिमोचंही पुढं फार लांबलं नाही. २०१५ मध्ये त्याच कंपनीच्या जीतो आणि सुप्रो आल्या आणि ती मागं पडली. या धंद्यात एक गाडी दुसरीला पाच वर्षांत म्हातारी करते. त्यावर बसलेला माणूस मात्र पाच वर्षांत हप्ता जेमतेम फेडतो.

तरीही तुमच्या हत्तीचा सगळ्यात मोठा हंगाम अजून यायचा होता. २०१३ चा उन्हाळा, आणि त्यानंतर २०१६ चा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी नेलं, ती जलदूत गाडी देशभर छापून आली. बोरीच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांना रेल्वे नव्हती. त्यांना हत्ती होता. हौद्यात काळी प्लास्टिकची टाकी बसवायची, १००० लिटरची. लिटरचा एक किलो. म्हणजे टाकी भरली की नुसतं पाणीच एक टन, मंजुरीपेक्षा पाव टन जास्त, आणि पाणी पोत्यासारखं गप बसत नाही. वळणावर ते एका बाजूला धावतं आणि गाडीला बरोबर ओढतं. तुम्ही टाकी पाऊण भरायची ठरवता. पहिल्या वस्तीवर बाया घागरी घेऊन उभ्या आहेत. पाऊण टाकी बघून एक म्हातारी विचारते,

"भरून का न्हाई आणलाव, बापू?"

दुसऱ्या खेपेपासून तुम्ही भरून आणता. तिला पाटे आणि बेअरिंग समजावून सांगणारा माणूस मला तरी माहीत नाही.

त्याच वर्षी, पाऊस पडून गेल्यावर, मागच्या धुऱ्याचा आवाज येऊ लागला. चॅसिसला तडा गेला होता, वेल्डिंग करून घेतलं, पुन्हा गेला. नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या आणि मोंढा थंड पडला. जुन्या नोटांनी भाडं घ्यायचं की नाही यावर स्टँडवर भांडणं झाली. गाडी महिनाभर जवळपास उभीच होती. उभी राहिल्यावर ती जास्त बिघडली. २०१७ च्या उन्हाळ्यात तुम्ही ती विकलीत. पंचेचाळीस हजारांना, जिंतूरच्या एका भंगार गोळा करणाऱ्याला. त्याला ती तोडायला नको होती, गल्लोगल्ली फिरून भंगार गोळा करायला हवी होती. तुम्ही काचेवरचं आईचं नाव खरवडून काढलंत. ते त्याच्या आईचं नव्हतं.

दहा वर्षं आणि काही महिने. बैलजोडी याहून जास्त वर्षं कामाची राहते, असं आबा म्हणाले. ते टोमणा मारत नव्हते, मोजून सांगत होते.

त्याच २०१७ च्या १ एप्रिलपासून देशभर बीएस-४ लागू झालं, आणि जुन्या बीएस-३ गाड्या विकायला सर्वोच्च न्यायालयानं मनाई केली. २०१८ मध्ये इंडिका बनायची बंद झाली. ज्या मोटारीचं अर्धं इंजिन घेऊन हत्ती जन्मला ती मोटारच गेली. त्याच वर्षी एस गोल्ड नावाची नवी आवृत्ती आली, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर पेट्रोलची, मग २०२२ मध्ये विजेवर चालणारी एस निघाली. नाव तेच आहे आणि आजही हजारो घरं त्यावर चालतात, त्याचा मला आनंद आहे. पण पान्हे आणि कान यांच्या भरवशावर परभणीच्या उस्तादांनी सीटखालून उघडलेलं ते साधं, पंपाचं, धूर सोडणारं ७०२ सीसीचं इंजिन आता बनत नाही. धूर गेला हे चांगलंच झालं. वस्तीवरच्या पोरांनी तो पुष्कळ गिळला आहे.

आता आजच्या तारखेला या आणि परभणीबाहेरच्या एखाद्या भंगारवाड्यात जा. २००६ च्या गाड्यांना २०२१ मध्ये पंधरा वर्षं झाली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मालवाहू गाड्यांच्या फिटनेसची फी इतकी वाढली की जुना हत्ती पास करून घेण्यापेक्षा किलोवर विकणं सोपं. हौदे वेगळे, केबिन वेगळ्या, इंजिनं एका बाजूला रचलेली. एक इंजिन ओळखू येतं. दोनच सिलिंडर, ७५ चा बोअर. वाकून बघा. लायनर पुन्हा पुन्हा बदललेले दिसतील, हेड घासून घासून पातळ झालेलं दिसेल. या लोखंडावर कुणी दोष ठेवत असेल तर मी तो मान्य करणार नाही. ही ७५० किलोची गाडी होती आणि ७५० किलोला ती इमानदार होती. वर जे चढलं ते भाड्याच्या दरानं, पडलेल्या भावानं आणि तहानेनं चढवलं. वजनावर भाडं ठरलं असतं आणि परभणी-जिंतूर रस्त्यावर मोंढ्याबाहेर एक वजनकाटा असता, तर यातल्या निम्म्या गाड्या आज चालू असत्या, असं मला ठामपणे वाटतं.

परभणी जिल्ह्यात, बोरीत, जिंतुरात, सेलूत, कुणाच्या दारात २००५-०६ सालचा पहिला हत्ती अजून उभा असेल तर त्यांना माझी एक विनंती आहे. तो किलोवर देऊ नका. एखाद्या शाळेला, आयटीआयला द्या, तिथल्या पोरांना सीट उचलून ते अर्धं इंजिन उघडून बघू द्या. आरसीची एक झेरॉक्स बरोबर ठेवा, पहिल्या मालकाचं नाव असलेली. आणि जो आजही एखादी छोटी मालगाडी भाड्यानं बोलावतो त्याला एवढंच सांगणं आहे, की पासिंगपेक्षा जास्त माल असेल तर दोन खेपांचं भाडं द्या.